जरा उजळ करा

(पडदा काळा. कीबोर्डची टकटक. मग निळ्या पुठ्ठ्याच्या वहीचं पहिलं पान.)

ही वही माझ्या बाबांची. 2004 सालची. वर ‘श्री’ काढलाय आणि खाली लाल पेनानं एकेक ओळ, फोटो सुधारायच्या फोटोशॉप या प्रोग्रॅममधली बटणं. कंट्रोल एल, लेव्हल. कंट्रोल एम, कर्व्ह. कंट्रोल जे, लेअरची कॉपी. कंट्रोल टी, फोटो लहानमोठा.

कराडच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ 1978 पासून आहे. वही सुरू केली तेव्हा बाबांनी पन्नाशी गाठली होती. पहिला कॉम्प्युटर नुकताच आला होता, त्यात फोटोशॉप सात होतं, आणि सगळे मेनू इंग्रजीत. बाबांचं इंग्रजी बेताचं. म्हणून ते पंधरा दिवस रोज एसटीनं साताऱ्याला क्लासला जायचे आणि परत येताना गाडीतच वही भरायचे. काही ओळी वाकड्यातिकड्या आहेत. तिथं रस्ता खराब असणार.

(वहीची पानं उलटतात. एका पानावर कॅमेरा थांबतो.)

चौदाव्या पानावर लिहिलंय: ‘चेहरा. कर्व्ह. मधोमध धरून वर. थोडंच.’

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. कर्व्ह म्हणजे पडद्यावर दिसणारी एक तिरकी रेघ. खालचं टोक काळ्याचं, वरचं पांढऱ्याचं, आणि मधला भाग ना काळा ना पांढरा. आपल्याकडच्या बहुतेकांच्या चेहऱ्याचा रंग याच मधल्या भागात येतो. ती रेघ मधोमध धरून वर उचलली की चेहरा उजळतो. आधी चेहऱ्याभोवती निवड करून घ्यायची, तिची कड मऊ करायची, म्हणजे कुणाला काही कळत नाही. सराव असला की सगळं मिळून दहा सेकंदांचं काम.

‘थोडंच’ हा शब्द बाबांनी दोनदा अधोरेखित केलाय.

(जुनं टचिंगचं टेबल. तिरप्या काचेखाली दिवा. बाजूला टोक केलेल्या पेन्सिली.)

कॉम्प्युटरच्या आधीही टचिंग, म्हणजे फोटोतले डाग झाकणं, होतंच. बाबा 120 च्या, म्हणजे रुंद फिल्मच्या रोलवर फोटो काढायचे. निगेटिव्ह धुऊन वाळली की या काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि भिंग धरून पेन्सिलीनं बारीक ठिपके द्यायचे. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. छापात जो डाग काळा येणार, तो निगेटिव्हवर पारदर्शक दिसतो. तिथं शिसं भरलं की छापात तेवढी जागा उजळ येते. देवीचे व्रण, तारुण्यपिटिका, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं असं भरून काढायचं. एका चेहऱ्याला अर्धा तास लागायचा. इतका वेळ लागत असल्यामुळे काय भरायचं आणि काय राहू द्यायचं, हे बाबा आधी ठरवायचे. कामच तसं होतं.

फोटोशॉपनं ती अडचण दूर केली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्या सॉफ्टवेअरबद्दल मला आजही आदर आहे. थॉमस नोल हे मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करत होते. 1987 साली त्यांनी घरच्या मॅकवर एक छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्या मॅकचा पडदा फक्त काळा आणि पांढरा एवढंच दाखवायचा, आणि त्यावर करड्या छटा दिसाव्यात एवढाच त्या प्रोग्रॅमचा उद्देश होता. त्यांचे भाऊ जॉन सिनेमाच्या स्पेशल इफेक्टमध्ये काम करत होते. दोघांनी मिळून तो वाढवत नेला आणि 19 फेब्रुवारी 1990 ला अडोबी कंपनीनं तो फोटोशॉप म्हणून बाजारात आणला. लोकांना दाखवण्यासाठी जॉन यांनी जो फोटो वापरला, तो त्यांच्या होणाऱ्या बायकोचा होता. बोरा बोरा बेटावर, समुद्राकडे तोंड करून बसलेली, पाठमोरी. प्रात्यक्षिकात ते त्या एका फोटोतून तिच्या दोन आकृत्या करून दाखवायचे.

1994 साली तिसऱ्या आवृत्तीत लेअर आले. आमच्या धंद्याला उभारी दिली ती लेअरनंच. लग्नाच्या अल्बमचे बारा बाय छत्तीस इंची फर्मे, म्हणजे पानांचे तयार साचे, मागे ताजमहाल, कोपऱ्यात गुलाब, मधे नवरानवरी. हे सगळं एकावर एक ठेवलेले थर असतात. 2002 च्या सातव्या आवृत्तीत डाग पुसणारा हीलिंग ब्रश आला आणि पेन्सिलीचं अर्ध्या तासाचं काम मिनिटावर आलं.

मग गिऱ्हाईकही मागायला लागलं.

(काउंटर. काचेखाली पासपोर्ट फोटोंचे नमुने.)

“जरा उजळ करा.” माझ्या लहानपणी दुकानात सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच असावं. पासपोर्ट फोटोला म्हणायचे, शाळेच्या ओळखपत्राला म्हणायचे. स्थळाच्या फोटोला म्हणायचे, आणि त्यात मुलीची आई आधी आजूबाजूला बघून, आवाज खाली करून म्हणायची. बाबा मान डोलवायचे. कंट्रोल एम. मधोमध धरून वर.

मी बारावीत असताना एक मुलगी आली होती. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठी. आमच्याच स्टुडिओत काढलेला स्थळाचा फोटो तिनं परत आणला होता. पाहुणे बघून गेले होते आणि जाता जाता म्हणाले होते, फोटोतली मुलगी वेगळी वाटते. ती भांडायला आली नव्हती. तिला एवढंच हवं होतं, “जशी आहे तसा एक काढून द्या.” बाबांनी नवीन फोटो काढला आणि पैसे घेतले नाहीत. त्या रात्री ते जेवले नाहीत. आईनं कारण विचारलं तर म्हणाले, डोकं दुखतंय.

तरी काम बदललं नाही. बदलायला हवं होतं, हे आज मी म्हणते. पण दहा सेकंदांत होणाऱ्या गोष्टीला समोरच्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं. त्यात शेजारचा स्टुडिओ हो म्हणत असतो.

(कॉम्प्युटरचा बंद पडदा. त्यात दुकानाचं प्रतिबिंब.)

2018 च्या पावसाळ्यात त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली. तोवर दुकान मी बघायला लागले होते. एक गोष्ट इथं स्पष्ट सांगते. आमच्याकडचं फोटोशॉप विकत घेतलेलं नव्हतं. सीडी कुणाकडून तरी आली आणि चालत राहिली. मला ते पुन्हा तसं करायचं नव्हतं. 2013 पासून नवं फोटोशॉप भाड्यानंच मिळतं, दर महिन्याला पैसे. आमच्या कामाचा हिशेब मांडायला मी बसले. एक महिनाभर येणारं प्रत्येक काम वहीत लिहिलं, बाबांच्याच वहीच्या मागच्या पानांवर.

बहुतेक कामं तीच ती होती. पासपोर्ट फोटो, पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, चार बाय सहाच्या कागदावर आठ. मोबाईलमधले फोटो छापून देणं. जुना फोटो स्कॅन करणं. आणि ऑनलाइन फॉर्म. आयबीपीएसच्या बँक परीक्षेला फोटो 20 ते 50 केबी लागतो, सही 10 ते 20 केबी. शेवटच्या तारखेला संध्याकाळी सात वाजता धापा टाकत आलेल्या पोराला लेअर नको असतात. त्याला पन्नास केबीच्या आतला फोटो हवा असतो.

मी इरफानव्ह्यू घेतलं.

(पडद्यावर साधी राखाडी खिडकी. वर एकच पट्टी.)

हा प्रोग्रॅम एका माणसानं लिहिलाय. इरफान श्किल्यान. मूळचे बोस्नियातल्या यायत्से गावचे, व्हिएन्नात शिकायला गेले आणि 1996 साली हे बनवलं. त्यात ते अजूनही सुधारणा करत असतात. काही एमबीत मावतं, जुन्या मशीनवरही डोळ्याची पापणी लवते न लवते तोच उघडतं. घरगुती वापराला मोफत. धंद्यासाठी एकदाच थोडी फी भरावी लागते. ती आम्ही भरली, आणि पावती काउंटरच्या काचेखाली ठेवली आहे.

यात फोटो कापता येतो, सरळ करता येतो, लहानमोठा करता येतो. उजेड, कॉन्ट्रास्ट, रंग कमीजास्त करता येतात. जेपीजी सेव्ह करताना किती केबीत बसवायचा, तो आकडा घालता येतो. त्या एका रकान्यावर माझ्या निम्म्या संध्याकाळी निघतात.

काय नाही, तेही सांगते. चेहऱ्याच्या कडेकडेनं मऊ निवड करून तेवढाच भाग उजळायची सोय नाही. चौकोन आखता येतो, पण मग चौकोनच दिसतो. आणि सगळा फोटो उजळला तर पांढरा शर्ट जळतो, त्याच्या घड्या, बटणं पुसली जातात. अल्बमची कामं मी कोल्हापूरच्या एका डिझायनरकडे पाठवते. त्याच्याकडे फोटोशॉप आहे आणि त्या कामाला ते लागतंच. फाटलेल्या, बुरशी धरलेल्या फोटोंचंही तसंच. तिथं सोपं साधन घेऊन बसणं हट्टीपणाचं होईल.

पहिले दोन महिने हात चुकायचा. सवयीनं कंट्रोल एम दाबलं जायचं आणि समोर काही उघडायचं नाही.

(स्टुडिओची आतली खोली. पांढरी भिंत. दोन दिवे. भिंतीला टेकवलेला थर्माकोलचा मोठा तुकडा.)

मग काम कॉम्प्युटरवरून उठून या खोलीत आलं. आधी मागे निळा पडदा असायचा. तो कापून पांढरा मी नंतर करायची. आमच्या भाषेत त्याला ‘कटिंग’ म्हणतात. मोकळ्या केसांचं कटिंग म्हणजे दहा मिनिटं, आणि तरी कानाजवळ निळी कड राहायची. आता कटिंग नाही, म्हणून भिंतच पांढरी रंगवली. माणसाला भिंतीला चिकटून उभं केलं की मागे सावली पडते. म्हणून स्टूल साडेतीन फूट पुढे आणलं. फरशीवर रंगाची खूण आहे, दिसतेय बघा.

उजेडाचं बाबांनी शिकवलं. ते पुन्हा खोलीत यायला लागले. फ्लॅश सरळ तोंडावर मारला की सावळा चेहरा सपाट होतो, कपाळावर आणि नाकावर चमक येते आणि बाकीचा काळवंडतो. तोच दिवा बाजूला घेऊन कापडातून मऊ केला, आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोल धरला, की गालाला गोलाई येते, डोळ्यांत ठिपका येतो आणि रंग आहे तो राहतो. खुलून दिसतो. बाबा हे सगळं 1978 साली करत होते. मधल्या पंधरा वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती, कारण काय ते नंतर करता येत होतं.

फोटो काढण्याआधी मी आता समोरच्या माणसाशी पाचेक मिनिटं बोलते. हनुवटी खाली, खांदे सैल. चष्म्यावर उजेड येत असेल तर काड्या थोड्या वर उचलायच्या, म्हणजे काच खाली झुकते. हे सगळं आधी करायचं, कारण नंतर काही करायचं नाहीये.

“जरा उजळ करा” म्हणणारे अजूनही येतात. 2020 साली शादी डॉट कॉमनं वर्णानुसार स्थळं गाळण्याची सोय काढली, गोरेपणाच्या एका मोठ्या क्रीमनं नावातला ‘फेअर’ हा शब्द काढला. मला त्या बातम्या वाचून फार बरं वाटलं होतं. आमच्या काउंटरपर्यंत मात्र तो बदल हळूहळू येतोय. मी पडदा गिऱ्हाइकाकडे वळवते आणि फोटो दाखवते. म्हणते, काकू, रंग नीट बघा, तिच्या कानातल्याशेजारी किती छान दिसतोय. काही जणी थांबून बघतात. काही शेजारच्या स्टुडिओत जातात.

(दुपार. दुकानात एक बाई बसलेल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत फोटो.)

गेल्या श्रावणात एक मावशी आल्या. नवरा जाऊन दहा दिवस झाले होते, भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. आणलेला फोटो मुलीच्या लग्नातला, घरच्या सगळ्यांचा. मावशींचे यजमान कडेला उभे, पांढरी टोपी, सदरा, खांद्यावर कुणाचा तरी हात. बाकीचा माणूस कापून गेला तरी तो हात फोटोत राहणार होता.

पूर्वी आम्ही अशा फोटोला चेहरा कापून घ्यायचो. अंगावर कोट-टाय चढवायचो, मागे निळं आभाळ, हात पुसायचा. त्याचे तयार फर्मे मिळतात. तालुक्यात कितीतरी घरांच्या भिंतींवर आयुष्यात कधी कोट न घातलेली माणसं कोटात आहेत. त्यांच्या घरच्यांनी ते प्रेमानंच करून घेतलेलं असतं, त्याला मी नावं ठेवत नाही.

मी मावशींना म्हटलं, “हा हात काढायचा असेल तर कोल्हापूरला पाठवावं लागेल. चार दिवस लागतील.”

त्यांनी फोटो हातात घेतला. बोट त्या हातावरून फिरवलं.

“ऱ्हाऊ दे की,” त्या म्हणाल्या. “धाकट्याचा हात हाय त्यो.”

(स्कॅनरचा उजेड काचेखालून सरकत जातो.)

स्कॅन केला. कडा सरळ केल्या, कापला, कॉन्ट्रास्ट जरासा वाढवला. दहा बाय बारा. बाबांनी फ्रेम स्वतः बसवली, मागे पुठ्ठा ठोकला, आणि मावशींना रिक्षापर्यंत सोडायला गेले.