ड्यून बघून बाहेर पडलेले चेहरे

(दृश्य: थिएटरचं काचेचं दार, रात्र, शो सुटलाय)

हे चेहरे जरा नीट बघा. मार्च २०२४, अमेरिका, ‘ड्यून : पार्ट टू’चा आयमॅक्स शो आत्ता सुटलाय. दोन तास सेहेचाळीस मिनिटं ही मंडळी आत बसली होती आणि बाहेर येताना अर्धी एकदम गप्प, अर्धी दारातच बोलायला लागलीयत. आत कॅमेरा न्यायची परवानगी नसते, त्यामुळे आमच्याकडे फक्त हे दार आहे आणि त्यातून येणारी माणसं. पण खरं सांगू का, फॅन लोकांना काय वाटलं ते बघायला यापेक्षा भारी जागा नाही, कारण घरी जाऊन टाइप करायला बसेपर्यंत माणूस सावरलेला असतो, मत छान इस्त्री करून मांडतो. दारात तेवढा वेळच मिळत नाही.

ही निळ्या जॅकेटवाली मुलगी, हिला कोणाशी बोलायचंच नाहीये. लक्षात ठेवा हिला. आणि तिच्या मागचे हे दोघे, मित्रच असावेत, यांचं मात्र चांगलंच जुंपलंय.

कशावरून? पिक्चरच्या नायिकेवरून, चानीवरून.

ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी व्हिडिओ इथेच थांबवा, नंतर शिव्या नकोत.

हा पिक्चर ‘ड्यून’ नावाच्याच पुस्तकावर बेतलाय, गोष्ट एका वाळवंटी ग्रहाची. त्या पुस्तकात शेवटी नायक पॉल अट्रेडीज, ज्याला तिथले लोक तारणहार मानतात, सम्राटाला नमवतो, सत्तेसाठी राजकन्येशी लग्न ठरवतो आणि चानी, जिच्यावर त्याचं खरं प्रेम आहे ती, त्याच्यापाशीच राहते. लग्न राजकन्येशी असलं तरी खरी बायको तूच, अशी तिची समजूत काढली जाते आणि पुस्तक संपतं. पिक्चरमधली चानी समजूत काढूनच घेत नाही. सगळे वाकलेत आणि ही एकटी ताठ उभी, मग सरळ बाहेर पडते, वाळूत जाऊन सँडवर्मची, म्हणजे वाळूखालच्या त्या अजस्र किड्याची, ज्याच्यावर हे लोक स्वार होतात, वाट बघत थांबते. शेवटचा शॉट तिच्या चेहऱ्याचा, आणि संपलं.

तर डावीकडचा जो आहे, तो पुस्तकवाला. त्याचं म्हणणं, ही चानीच नाही, हिचं नाव तेवढं पुस्तकातून घेतलंय. उजवीकडच्याने पुस्तक वाचलेलं नाही आणि त्याला कळतच नाहीये की यात चिडण्यासारखं काय आहे, पोरीला फसवलं, पोरगी निघून गेली. मी कोणाच्या बाजूने ते आत्ताच सांगून टाकतो, लपवाछपवी नको. मी चानीच्या बाजूने. आणि पुस्तकाच्या पण. हे एकाच वेळी कसं जमतं ते सांगायला बरंच मागे जावं लागेल, पासष्टेक वर्षं.

(दृश्य: ऑरेगनचा किनारा, वाऱ्याने उडणारी वाळू)

ही वाळू खरी आहे, सेट नाही. ऑरेगन राज्यातलं फ्लोरेन्स गाव. समुद्राला लागून मैलोन्‌मैल वाळूच्या टेकड्या आणि त्या जागच्या जागी बसत नाहीत, वाऱ्याबरोबर सरकतात, सरकत सरकत रस्त्यावर येतात, घरांवर येतात. १९५७ साली फ्रँक हर्बर्ट नावाचा एक पत्रकार छोटं विमान घेऊन हे बघायला इथे आला. सरकारी शेती खात्याची माणसं इथे एक चिवट गवत लावत होती, मुळं वाळूला धरून ठेवायची आणि टेकडी थांबायची. लेख त्यावर करायचा होता. लेख काही छापून आला नाही. पण वाळू याच्या डोक्यात जी शिरली ती निघेना. अख्खा ग्रहच वाळूचा असला तर? तिथली माणसं पाणी कसं वाचवतील? आणि अशा ठिकाणी कोणी येऊन म्हणाला की मी तुमचा तारणहार, तर काय होईल?

हे गवत बघा, जवळून. पातं कडक आहे, बोटाला कापतं. गंमत म्हणजे तेव्हा लावलेलं हे गवत इतकं माजलं की आता स्वयंसेवक येऊन ते उपटतात, कारण टेकड्याच नाहीशा व्हायला लागल्यात. ज्या उपायाचं कौतुक करायला हर्बर्ट आला होता तोच आता निस्तरावा लागतोय. वाळवंट हिरवं करायला निघाल्यावर पुढे काय काय होतं हे त्याने पुढच्या पुस्तकांत लिहिलंयच म्हणा.

असो. सहा-एक वर्षं अभ्यास आणि लिखाण. ॲनालॉग मासिकात १९६३ पासून तुकड्या-तुकड्याने छापून आलं, वाचकांना आवडलं, पण पुस्तक काढायला कोणी तयार होईना. वीसेक प्रकाशकांनी नाही म्हटलं. खूप जाड, खूप किचकट, सुरुवातीलाच शंभर नावं. शेवटी चिल्टन नावाच्या कंपनीने १९६५ साली छापलं, आणि ही कंपनी कशासाठी प्रसिद्ध होती माहितीय? गाडी दुरुस्तीच्या मॅन्युअलसाठी. म्हणजे कार्ब्युरेटर कसा साफ करायचा हे छापणाऱ्यांनी मुआदिबची, म्हणजे पॉलची, कथा छापली. पुढच्या वर्षी विज्ञानकथेचं ह्यूगो पारितोषिक मिळालं, विभागून, आणि नेब्युला तर त्या पुरस्काराच्या पहिल्याच वर्षी.

आणि इथे पहिली गडबड झाली. वाचक पॉलच्या प्रेमात पडले. त्याला हीरो करून टाकलं. हर्बर्टला सांगायचं होतं बरोबर उलटं, की असल्या तारणहारापासून सांभाळून राहा बाबांनो, हा तुम्हाला खड्ड्यात नेईल. म्हणून त्याने १९६९ मध्ये ‘ड्यून मेसाया’ लिहिलं, छोटंसं, कडवट, ज्यात पॉलच्या नावाने केवढा रक्तपात झालाय ते सरळ सांगितलंय. ॲनालॉगच्या संपादकाने ते नाकारलं, त्याला पडलेला हीरो नको होता, मग ते दुसऱ्या मासिकात आलं. वाचकांनीही नाकं मुरडली. म्हणजे फॅनचा हिरमोड ही काही आत्ताची गोष्ट नाही, लेखकाने स्वतःच तो पहिल्यांदा केला होता.

(दृश्य: पिवळा पडलेला कागद, घड्या उलगडताना)

हा कागद एका जुन्या फॅनने जपून ठेवलाय. डिसेंबर १९८४, याच पुस्तकावरचा दिग्दर्शक डेव्हिड लिंचचा ‘ड्यून’ लागला तेव्हा बऱ्याच थिएटरांत तिकिटाबरोबर हे वाटलं होतं. शब्दांचे अर्थ. क्विसात्झ हॅडराख म्हणजे काय, बेने गेसेरिट कोण, मेलांज कशाला म्हणतात. पिक्चर बघायला आलेल्या माणसाच्या हातात आधी शब्दकोश! आणि दिवे गेल्यावर तो वाचायचा कसा, हा विचार कोणी केला नसावा. घडीवर शाई उडालीय बघा, कोपऱ्यात पेनाने एका शब्दाखाली रेघ मारलीय. मारणाऱ्याला आता आठवत नाही का मारली.

तो पिक्चर आपटला. चार कोटी डॉलर घातले आणि अमेरिकेत तीनच्या आसपास आले. जुने वाचक अजूनही त्यातल्या एका गोष्टीवरून तावातावाने बोलतात, ती म्हणजे शेवटचा पाऊस. पॉल जिंकतो आणि वाळवंटात पाऊस पडतो, चमत्कार. अरे पण पाणी म्हणजे सँडवर्मला विष! वर्म मेले तर मसाला, म्हणजे त्यांच्यापासून मिळणारा तो मेलांज, संपला, मसाला संपला तर ग्रहाग्रहांमधला प्रवास बंद, सगळं साम्राज्यच बसलं. ते सोडा, पण चमत्कार झाला म्हणजे पॉल खरोखरचा देव ठरला की! ज्याच्यावर आंधळा विश्वास ठेवू नका म्हणून पुस्तक लिहिलं, त्याच्यावर विश्वास ठेवणारे बरोबर निघाले. एवढं सगळं होऊनही त्या पिक्चरवर जीव टाकणारे फॅन आहेत, आणि त्यांच्याशी वाद घालायला मी जाणार नाही, त्यातले सेट बघत राहावेसे वाटतात हे मलाही मान्य आहे.

(दृश्य: टेबल, फोमचे तुकडे, नळ्या, हीट गन)

आता हे बघा, हे माझं सगळ्यात आवडतं फुटेज. स्टिलसूट बनतोय. स्टिलसूट म्हणजे वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांचा पोशाख, अंगातला घाम, श्वासातली वाफ सगळं धरून ठेवतो, गाळतो आणि पुन्हा प्यायला देतो. पुस्तकात म्हटलंय की सूट नीट असेल तर दिवसाला, शिवताना बोटावर घालतात त्या टोपणात मावेल इतकंच पाणी वाया जातं. हा सूट अर्थात पाणीबिणी गाळत नाही, पण बनवणाऱ्याने नळी मात्र एकही वगळलेली नाही. आधी अंगावर चिकटपट्टी गुंडाळून माप घेतलं, ते कापून कागदावर उतरवलं, मग फोमचे तुकडे. हीट गनने फोम गरम केला की दोन-चार सेकंद तो मऊ राहतो, तेवढ्यात गुडघ्यावर दाबून त्याला बाक द्यायचा, उशीर झाला की परत गरम करा. गोंद दोन्ही बाजूंना लावून सुकू द्यायचा आणि मग एकदाच चिकटवायचा, चुकलं तर फाटलं. कोपराची ही घडी तीनदा फाटलीय, आतून शिवण दिसतेय. रंग काळा दिला, मग त्याच्यावर करडा, मग कोरड्या ब्रशने कडांना वाळूचा रंग, म्हणजे वर्षानुवर्षं घासल्यासारखं वाटतं.

आणि हा सूट घालून माणूस काय करतो, तर पिक्चरमध्ये सूट चुकीचा घातलाय म्हणून खुसपट काढतो! तोंडावरचा फिल्टर सारखा उघडा का, मास्क खाली का, अर्ध्या तासात वाळून मराल. अहो, नटांचे चेहरे दिसायला नकोत का? ते त्यालाही माहितीय. तरी बोलतो. हे बोलणंच तर फॅन असणं.

इथे सूट घालून वाळूत चालतायत बघा, ती अडखळती चाल, ताल धरायचाच नाही, नाहीतर खालून वर्म येईल. पिक्चरसाठी ही चाल बेंजामिन मिलपिए या नृत्यदिग्दर्शकाने बसवली. यांनी ती मोबाईलवर बघून बघून बसवलीय. चौथा पुन्हा पुन्हा ताल धरतोय आणि बाकीचे त्याच्यावर ओरडतायत.

(दृश्य: तिकिटाची लाइन, दिवसा)

ही लाइन ७० एमएम आयमॅक्सची. जगभरात मोजून बारा पडद्यांवर ही फिल्मची प्रिंट लागली होती, त्यामुळे लोक दुसऱ्या राज्यांतून गाडी हाकत आले. मजा अशी की पिक्चर शूट झालाय डिजिटलवर, नंतर तो फिल्मवर उतरवला, परत स्कॅन केला, आणि मग प्रिंट. लाइनीतल्या निम्म्या लोकांना हे माहितीय. तरी उभे आहेत. पहिला भाग ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत थिएटरला आणि घरच्या स्क्रीनवर एकाच दिवशी आला होता, दिग्दर्शक डेनी विलनव यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली होती, आणि अनेकांनी तो सोफ्यावर बसूनच बघितला. त्याची भरपाई इथे चाललीय. त्यात ती सँडवर्मच्या तोंडाची पॉपकॉर्नची बादली. तिच्यावर इतके विनोद झालेत की मी नवा करत नाही, हात आत घालतानाचे चेहरे फक्त बघून घ्या.

लाइनीत आणखी काय काय बोलणं चालू असतं? पहिल्या भागातलं थुफिर हावात हे पात्र कुठे गेलं. स्टीफन मॅकिन्ली हेंडरसन यांनी त्याचं काम दुसऱ्या भागातही केलं होतं, एडिटिंगमध्ये सगळं गेलं, आणि विलनव कापलेले सीन दाखवत नाहीत, संपला विषय. मग आलिया, पॉलची बहीण, पुस्तकात ती चिमुरडी पोर खलनायक बॅरनला मारते, इथे जन्मालाच आलेली नाही. पुस्तकातला ‘जिहाद’ हा शब्द का गाळला. वाळवंटातल्या लोकांचे शब्द अरबी वळणाचे, मग मुख्य भूमिकांत तिकडचे कलाकार का नाहीत, हा प्रश्नही बऱ्याच जणांनी विचारला आणि तो रास्त आहे. बाकी दुसऱ्या भागाने जगभरात एकाहत्तर कोटी डॉलरच्या वर कमावले, दोन ऑस्कर मिळाले, पहिल्याला सहा होते, दिग्दर्शनासाठी मात्र दोन्ही वेळा साधं नामांकनही नाही.

आणि स्टिलगार, फ्रेमेनांचा म्होरक्या! पॉल म्हणतो मी तारणहार नाही, की हा म्हणतो बघा किती नम्र, म्हणजे हाच. थिएटर हसतं. सगळ्यात जास्त मीम त्याच्यावरच झाले. पण पुढे तोच डोळ्यांत पाणी आणून मारायला-मरायला तयार होतो तेव्हा हसणं कुठे थांबलं ते कळत पण नाही. लिंचच्या पावसाने जे बिघडवलं होतं ते इथे स्टिलगारने आणि चानीने मिळून दुरुस्त केलंय, एक विश्वास ठेवून आणि एक न ठेवून. विलनव यांनी सांगितलंयच की वाचकांनी पॉलला हीरो मानल्याचं हर्बर्टना वाईट वाटलं होतं, म्हणून चानीच्या नजरेतून गोष्ट बघितली. पुस्तकवाला मित्र ज्या बदलावर चिडलाय तो बदल पुस्तकासाठीच केलाय, असं माझं म्हणणं. त्याला पटणार नाही.

(दृश्य: पुन्हा तेच दार, गर्दी ओसरलीय)

दोघे अजून आहेत. विषय थोडा पुढे सरकलाय, पुस्तकवाल्याने आता हुकमाचं पान काढलंय. ‘मेसाया’मध्ये चानीशिवाय पान हलत नाही, तिथे ती पॉलजवळच असते. हिला वर्मवर बसवून पाठवून दिलंत, आता परत आणणार कशी? तिसरा भाग डिसेंबर २०२६ ला जाहीर झालाय, तोवर हे काही मिटत नाही. उजवीकडचा पहिल्यांदाच गप्प झालाय, कारण त्याला पुढचं माहीत नाही आणि त्याला कळूनही घ्यायचं नाहीये, कान झाकतोय बघा.

आणि ही बघा, निळं जॅकेट. इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती, आता स्वतःहून त्यांच्याकडे गेलीय. आमचा माइक तोवर बंद केला होता त्यामुळे ती काय म्हणतेय ते ऐकू येत नाही. पण हाताने काय दाखवतेय ते स्पष्ट दिसतंय, हुक अडकवायचा, दोर ताणायचा आणि वर चढायचं.