गल्लीतल्या सामानावर उठलेला बीबीसी मायक्रो

[दृश्य: टेबलावर पालथा ठेवलेला संगणक. कॅमेरा मागच्या सॉकेटांवरून सरकतो.]

कॅसेट लावायच्या या गोल सॉकेटात कुंभारमाशीनं घर केलं होतं. माती वाळून दगड झालेली. टाचणीनं कोरून काढली, तेव्हा आतल्या सात पिना दिसल्या. बाजूच्या फटींतून झुरळांची अंडी निघाली, पालीच्या अंड्यांची टरफलं निघाली, आणि एक पेन्सिलीचा तुकडाही निघाला. तो मात्र कुठल्यातरी विद्यार्थ्याचाच असणार.

खानापूरकडच्या पावसात वर्षानुवर्षं बंद कपाटात राहिलेली वस्तू अशीच दिसते. हा संगणक भंगाराच्या गाड्यावर आला आणि वजनावर विकला गेला. ज्यांनी घेतला ते बेळगावच्या शहापुरात टीव्ही दुरुस्त करतात. डायनोरा आणि क्राउन टीव्हीच्या जमान्यापासून त्यांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आहे. गल्लीतली सगळी पोरं त्यांना मामा म्हणतात, आपणही मामाच म्हणू.

[दृश्य: कीबोर्ड जवळून. वरची लाल-केशरी बटणं.]

यंत्राचं नाव बीबीसी मायक्रो, मॉडेल बी. इंग्लंडच्या बीबीसीला लोकांना घरबसल्या संगणक शिकवायचा होता, टीव्हीवरून. त्यासाठी एक यंत्र हवं होतं. केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीतल्या सोफी विल्सन, स्टीव्ह फर्बर आणि त्यांच्या साथीदारांनी आठवडाभरात नमुना उभा केला. बीबीसीची माणसं बघायला आली त्याच सकाळी तो पहिल्यांदा धड चालला. डिसेंबर १९८१ मध्ये यंत्र बाजारात आलं आणि पुढं पंधरा लाखांच्या आसपास खपलं.

आत ६५०२ जातीचा प्रोसेसर आहे, दोन मेगाहर्ट्झचा. मेमरी ३२ किलोबाइट. आज मोबाईलवर आलेला 'शुभ सकाळ'चा फुलांचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही. पण हार्ड डिस्क नाही, काही लोड व्हायची वाट बघणं नाही. बटण दाबलं की प्रोग्रॅम लिहायची बेसिक भाषा हजर, कारण ती रॉमच्या, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या चिपमध्येच कोरलेली आहे. ही बेसिक सोफी विल्सन यांनी लिहिली. पुढं १९८५ मध्ये याच कंपनीत आर्म नावाचा प्रोसेसर जन्मला, आणि त्याच्या पहिल्या चाचण्या अशाच बीबीसी मायक्रोला जोडून झाल्या. तुम्ही हा व्हिडिओ मोबाईलवर बघत असाल, तर बहुतेक त्याच घराण्यातली चिप तो दाखवते आहे.

भारतात हे यंत्र आलं ते शाळांसाठी. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा कार्यक्रम काढला. शाळेतल्या पोरांना संगणकाची ओळख व्हावी, हा हेतू. सुरुवात २५० शाळांपासून. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीनं हीच यंत्रं 'युनिकॉर्न' या नावानं काढली. त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी आयुष्यातला पहिला संगणक पाहिला तो हा, तोही चपला बाहेर काढून, दारातूनच.

[दृश्य: मामा प्लग हातात घेतात. एक मुलगा बोर्डाकडं बोट दाखवतो. मामा मान हलवतात.]

"लावून बघूया की, मामा."

"थांब की लेका."

इथं पाच मिनिटं थांबायची आमची तयारी आहे, तुम्हीही थांबा. कारण अशी जुनी यंत्रं बहुतेक वेळा मरतात ती याच क्षणी. माळ्यावरून काढलं, धूळ पुसली, प्लग लावला, आणि फट्.

[दृश्य: झाकणाचे स्क्रू निघतात.]

झाकणाला चार स्क्रू, दोन मागं आणि दोन खाली पुढच्या बाजूला. शेजारी इंग्रजीत 'फिक्स' छापलेलं आहे, म्हणजे चुकायला जागा नाही. झाकण सरळ वर येतं. डावीकडचा हा लोखंडी डबा म्हणजे पॉवर सप्लाय. सगळा धोका याच्यात आहे.

डबा उघडायच्या आधी मामा एक गोष्ट बजावतात. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची. या डब्यात तिची डीसी होते आणि मोठ्या कंडेन्सरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास साठते. प्लग काढल्यावरही ती काही काळ तिथंच असते. म्हणून आधी मीटर लावून बघायचं. व्होल्टेज दिसलं तर बल्बच्या दोन वायरी टेकवून ते उतरवायचं, मग पुन्हा मीटर. टीव्हीवाल्यांचा हात यात बसलेला असतो. तुमचा नसेल तर हे काम तुमचं नाही, ज्याचा आहे त्याच्याकडं जा.

[दृश्य: कंडेन्सर अगदी जवळून. पिवळसर पारदर्शक कवच, त्यावर भेगा.]

हे बघा. नखाएवढा चौकोनी तुकडा. कवच पारदर्शक, पिवळट, आणि त्यावर भेगांचं जाळं. आत धातूचा मुलामा दिलेला कागद गुंडाळलेला आहे. कवचाला भेग गेली की कागद हवेतला ओलावा ओढतो. बेळगावची हवा तर विचारूच नका, जून ते सप्टेंबर इथं भिंतींनाही बुरशी येते. असा ओलसर कागद थेट २३० व्होल्टच्या दोन तारांमध्ये बसलेला. वीज आली की तो तापतो, फाटतो, आणि खोलीभर जळक्या कागदाचा तिखट वास आणि पांढरा धूर.

असे दोन तुकडे आहेत. एक ०.१ मायक्रोफॅरडचा, दुसरा ०.०१ चा. त्यांच्या जागी नवे घालायचे ते 'एक्स-टू' वर्गाचेच, २७५ व्होल्ट एसी लिहिलेले. हा वर्ग मेन्सच्या तारांवर बसण्यासाठीच बनवलेला असतो. फॅनचा कंडेन्सर घरात पडलाय म्हणून तो लावायचा नाही. तोही कंडेन्सरच, पण ही जागा त्याची नाही. मामांनी हे दोन तुकडे खडेबाजाराच्या मागच्या गल्लीतून आणले. एका मुठीत मावतील एवढे, चहाच्या पैशांत.

[दृश्य: सोल्डरचा धूर, जुने तुकडे निघतात, नवे बसतात. निवेदन थांबते, फक्त दुकानातले आवाज.]

आता सिरीज बल्ब. हा लाकडी बोर्ड इथल्या प्रत्येक दुरुस्तीवाल्याकडं भिंतीला टांगलेला असतो. पुस्तकात याचं चित्र क्वचितच सापडतं. शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब, आणि यंत्राची वीज त्याच्यातून जाणार. आत कुठं शॉर्ट असेल तर बल्ब भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. सगळं ठीक असेल तर एकदा चमकतो आणि मंद होतो.

सप्लायला थोडं ओझं हवं म्हणून पुढं स्कूटरचा बल्ब लावलाय.

[दृश्य: बोर्डावरचा बल्ब चमकतो, मंदावतो. स्कूटरचा बल्ब तांबूस पेटतो.]

लाल वायर ते काळी वायर, पाच व्होल्ट. जांभळी वायर ते काळी, उणे पाच. लाल तीन, काळ्या तीन, जांभळी एकच. जोडताना रंग बघूनच जोडा. इथं अदलाबदल झाली तर पुढचं सगळं भंगार.

मग मुख्य बोर्ड. मामांचा एक जुना सोबती हुबळीकडचा. तो पहिल्यापासून बाजूला बसून कन्नडमध्ये 'निधान, निधान', म्हणजे 'सावकाश, सावकाश' म्हणतोय. आता वायरी जोडल्या, पुन्हा सिरीज बल्बवरूनच वीज दिली, आणि स्पीकरमधून आवाज आला.

[ध्वनी: एकसलग 'बूऽऽऽ'.]

हा आवाज थांबायला हवा. चांगलं यंत्र एक खोल 'बू' म्हणतं आणि लगेच वरच्या सुरात छोटं 'बीप'. नुसतंच 'बू' लागून राहिलं, म्हणजे वीज आहे पण डोकं चालत नाही.

अशा वेळी माणूस चिपा बदलायला धावतो. मामांनी एकही बदलली नाही. यातल्या बऱ्याच चिपा सॉकेटात नुसत्या खोचलेल्या असतात. उन्हाळ्यात तापून, पावसाळ्यात गारठून त्या केसभर वर सरकतात, पायांवर काळपट थर चढतो. एकेक चिप सपाट स्क्रू ड्रायव्हरनं दोन्ही टोकांकडून थोडीथोडी उचकटायची. पाय टूथब्रशनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं घासायचे. सॉकेटात कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा आणि चिप परत चेपून बसवायची, खाच होती त्याच दिशेला. खाच उलटी गेली तर चिप जळते. म्हणून आधी मोबाईलवर फोटो. फोटो काढायचं काम वडगावच्या एका नववीतल्या मुलीकडं होतं. तिचा आणखी उपयोग पुढं होणार आहे.

[ध्वनी: 'बू–बीप'. दुकानात गलका.]

आवाज आला, पण चित्र कशावर बघायचं? या यंत्राला मागं बीएनसीचं, म्हणजे फिरवून अडकवायच्या गोल पिनेचं सॉकेट आहे. ते बघून पोरं बुचकळ्यात पडली. मामा उठून समोरच्या सीसीटीव्ही बसवणाऱ्याकडं गेले आणि एक पिन घेऊन आले. कॅमेऱ्याच्या वायरींना रोज लागते तीच. एका बाजूला बीएनसी, दुसऱ्या बाजूला टीव्हीचं पिवळं टोक. इंग्लंडचा टीव्ही आणि आपला टीव्ही दोन्ही ६२५ रेषांचे, त्यामुळं चित्र पहिल्याच झटक्यात स्थिर. काळंपांढरं आहे, रंग हवा तर बोर्डावरचा एक जोड सांधावा लागतो. सध्या राहू दे.

[दृश्य: पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक', खाली एक बाण आणि लुकलुकणारी रेघ.]

३२ दिसलं म्हणजे मेमरी पूर्ण आहे. ही दुरुस्ती करायला ना पुणं गाठावं लागलं, ना बेंगळुरू. कंडेन्सर खडेबाजारचा, बल्ब भिंतीवरचा, पिन समोरच्या दुकानातली. या जिल्ह्यात असे मामा गल्लोगल्ली आहेत. चिकोडीत आहेत, निपाणीत आहेत. त्यांच्याकडं टीव्ही येणं बंद झालं आणि दुकानात मोबाईलचे कव्हर लटकले.

[दृश्य: वडगाव. मागावर साडी, जॅकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे वर सरकतायत.]

ही मुलगी विणकराच्या घरची. घरात नक्षी आधी चौकटीच्या कागदावर येते. जिथं धागा उचलायचा तिथं चौकोन रंगवायचा, मग त्याप्रमाणं पुठ्ठ्याला भोकं. तिला कुणी समजावून सांगितलं नाही, यंत्राचं पुस्तक उघडलं आणि तिनंच ओळखलं, "हे आमच्या कागदासारखंच आहे."

बीबीसी मायक्रोला देवनागरी येत नाही. पण त्याला नवं अक्षर शिकवता येतं. आठ ओळी, प्रत्येक ओळीत आठ ठिपके. डावीकडून ठिपक्यांचं मोल १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. पेटवायच्या ठिपक्यांची बेरीज केली की ओळीचा आकडा मिळतो. शिरोरेखेला सगळे पेटवायचे, म्हणजे २५५. 'ग'च्या दोन उभ्या रेघा म्हणजे ३२ अधिक २, चौतीस. गाठीपाशी डावीकडं एक ठिपका वाढवला की अठ्ठ्याण्णव.

[दृश्य: वहीवरची चौकट, पेन्सिलीनं रंगवलेले चौकोन. मग कीबोर्डवर बोटं.]

आधी 'मोड ४', कारण यंत्र सुरू होतं त्या मोडमध्ये आपली अक्षरं दिसत नाहीत. मग 'व्हीडीयू २३,२२४,२५५,३४,३४,३४,९८,९८,२,२'. यातला २३ म्हणजे नवं अक्षर शिक, २२४ हा त्या अक्षराचा क्रमांक, पुढं आठ ओळींचे आकडे. नंतर 'व्हीडीयू २२४'. आणि पडद्यावर 'ग'.

'ग' सोपा होता. 'बे' लिहायला घेतला आणि मात्रेला वर जागाच नाही. शिरोरेखा सगळ्यात वरच्या ओळीत बसली होती. मग सगळ्या अक्षरांची शिरोरेखा खाली तिसऱ्या ओळीवर आणावी लागली, 'ग' पुन्हा नव्यानं, उरलेल्या पाच ओळींत कोंबून. 'ळ'नं तर रडवलं. दोन गाठी आठ ठिपक्यांत काही केल्या बसेनात, नुसता ठिपक्यांचा गोळा दिसायचा. शेवटी 'ळ'ला दोन अक्षरांची रुंदी दिली. शेजारच्या कन्नड शाळेतला तिचा मित्र आपल्या नावाचं पहिलं अक्षर घेऊन बसला होता. त्या गोलाईनं त्याचाही घाम काढला. दोघांची वही एकच, खोडरबर एकच.

[दृश्य: पडद्यावर 'बेळगाव'. मुलगी हसत नाही. 'व'कडं बघून पुन्हा वही ओढते.]

लिहिलेलं साठवायचं कॅसेटवर. मामांच्या टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, तो त्यांच्या पत्र्याच्या डब्यातल्या दुसऱ्या पट्ट्यानं बदलला. यंत्राबरोबर आलेल्या जुन्या कॅसेटींपैकी एक चालली. पडद्यावर एकेक ब्लॉकचा आकडा चढत गेला, आणि मध्येच यंत्रानं विचारलं, 'डेटा?' तिथं फीत खराब आहे. हेडचा छोटा स्क्रू किंचित फिरवून पुढचे ब्लॉक निघाले, तो एक गेला. मुलीनं आपला प्रोग्रॅम कॅसेटवर आणि मोबाईलमध्ये, दोन्हीकडं साठवला. या यंत्रासाठी कॅसेटवरचा प्रोग्रॅम म्हणजे नुसता आवाज. मोबाईलच्या हेडफोनमधून वाजवला तरी ते ओळखतं.

अशी यंत्रं भंगारात गेली की बोर्ड उघड्यावर जाळून तांबं काढतात, शिशाचा धूर जवळच्या वस्तीत जातो. त्याचं चित्रीकरण आमच्याकडं नाही.

कामं बाकी आहेत. स्पेसबार अडखळतो. डिस्क ड्राइव्ह नाही, तो चालवणारी चिपही बोर्डावर नाही. व्हिडिओची मोठी चिप बोट टेकवत नाही एवढी तापते. ती तशीच तापते म्हणा, पण तिच्यावरची ॲल्युमिनियमची पट्टी सैल आहे. दरम्यान निपाणीहून एकाचा फोन आला. त्यांच्या गोदामात असंच एक आहे, 'आज लावून बघतो' म्हणाले. मामांनी फोनवर तीनदा सांगितलं, प्लगला हात लावू नका, खोक्यासकट घेऊन या.