उताणी पडली आहे, झाकण उघडू नका

(काचेची पेटी. मंद उजेड. मातीवर मोठा कोळी उताणा.)

रात्रीची वेळ. पेटीत टॅरांटुलाची मादी उताणी पडली आहे. आठही पाय वर, हालचाल नाही. पहिल्यांदाच असा कोळी पाळणाऱ्याच्या पोटात इथे गोळा येतो. कोणी काडीने डिवचून बघतं, कोणी घाबरून तिला उचलून सरळ ठेवतं, आणि तीच मदत तिच्या जिवावर बेतते. ती मेलेली नाही. ती कात टाकायला आडवी झाली आहे.

मरायला टेकलेला टॅरांटुला सहसा उताणा पडत नाही. तो सरळच असतो. फक्त त्याचे पाय मुठीसारखे मिटत मिटत पोटाखाली जातात. हा कोळी पाळायचा असेल तर ही दोन चित्रं डोक्यात पक्की बसवा. उताणा दिसला, तर लांब राहा. मुठीसारखा मिटलेला दिसला, तर आधी पाण्याची वाटी जवळ न्या.

(पायांचे सांधे, अगदी जवळून.)

पाण्याचा आणि पायांचा संबंध काय? आपल्या गुडघ्याला वाकवणारे स्नायू आहेत आणि सरळ करणारेही. कोळ्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीतच. पाय लांब करायचा, तर अंगातलं रक्त दाबाने पायात ढकलावं लागतं. जेसीबीचा दांडा तेलाच्या दाबावर उठतो, तसंच हे. शरीरातलं पाणी आटलं की दाब पडतो, आणि पाय आपोआप आत ओढले जातात. या रक्तात प्राणवायू वाहून नेण्याचं काम तांबं असलेलं प्रथिन करतं, म्हणून त्याला निळसर झाक असते.

म्हणून पेटीत उथळ वाटी आणि स्वच्छ पाणी बारा महिने हवंच. वाटीत स्पंजचा तुकडा टाकायची जुनी पद्धत सोडून द्या. त्यात घाण आणि जंतू साचतात, बाकी काही होत नाही.

(मादी बिळाच्या तोंडाशी. शेजारी मोजपट्टी.)

ही थेराफोसा ब्लाँडी, म्हणजे गोलायथ. वजनाने जगातला सगळ्यात मोठा कोळी. पायांसकट पसारा 28 ते 30 सेंटिमीटरपर्यंत जातो, आणि वजन 170 ग्रॅमच्या आसपास. सुरिनाम, गयाना आणि ब्राझीलचा उत्तर भाग इथल्या ओल्या वर्षावनांत ती जमिनीतल्या बिळात राहते. लात्रेय या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1804 मध्ये तिची नोंद केली. पण मोठ्या कोळ्यांना ‘पक्षी खाणारे’ हे नाव पडलं ते त्याआधीच्या एका चित्रामुळे. मारिया सिबिला मेरियन सुरिनामला जाऊन आल्या आणि 1705 मध्ये त्यांनी हमिंगबर्ड खाणाऱ्या कोळ्याचं चित्र छापलं. नाव चिकटलं ते आजतागायत. प्रत्यक्षात गोलायथचं रोजचं खाणं म्हणजे गांडुळं आणि किडे, क्वचित एखादा बेडूक.

तिचं घर बांधताना हे बीळ विसरायचं नाही. तळाला कोकोपीट आणि मातीचा जाड थर हवा, निदान वीतभर. खालची माती ओलसर राहू द्या, वरची थोडी सुकली तरी चालेल. पण ओल आणि कोंदटपणा यांत फरक आहे. हवा खेळती नसेल तर बुरशी धरते, बारीक माइट किडे वाढतात, आणि मग कोळी बिळात न जाता भिंतीला चिकटून बसू लागतो. तो तसा बसला की पेटीत काहीतरी बिघडलंय असं समजा.

उंच, ऐसपैस पेटी बघायला छान दिसते, आणि जमिनीवरच्या टॅरांटुलासाठी तीच घातक ठरते. त्याचं पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं असतं. फूटभर उंचीवरून पडला तरी ते फुटू शकतं. माती ते झाकण हे अंतर कोळ्याच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. झाकणाला जाळी असेल तर पायाची नखं तिच्यात अडकतात. छिद्रांचं पत्र्याचं किंवा ॲक्रिलिकचं झाकण बरं. आणि पेटीखाली गरम पॅड ठेवू नका. उकडलं की हा प्राणी खोल माती खणतो. उष्णताच खालून आली, तर तो आगीपासून पळताना आगीकडेच जाईल. 24 ते 28 अंशांची खोली त्याला पुरते.

(रातकिडा. एक झडप.)

खाणं सोपं आहे. मोठ्या मादीला आठ-पंधरा दिवसांतून एकदा, खास वाढवलेली झुरळं किंवा रातकिडे. घरातलं पकडलेलं झुरळ देऊ नका. त्याच्या अंगावर कोणतं औषध फवारलंय, सांगता येत नाही. उंदीर घालून तमाशा बघण्याची हौस मला पटत नाही. कोळ्याला त्याची गरज नसते, आणि उरलेलं मांस ओल्या मातीत सडतं.

काही महिने खाल्लं नाही तरी घाबरू नका, पोट भरलेलं आहे ना एवढं बघा.

(मागचे पाय पोटावर घासले जातात. उजेडात बारीक धूळ.)

ही धूळ म्हणजे काटेरी केस. खाजकुयली अंगाला लागलेली ज्याला आठवते, त्याला जास्त सांगायला नको. डोळ्यात गेले तर ते बुबुळात रुततात आणि डॉक्टरांकडेच जावं लागतं. पेटी साफ करताना चष्मा, हातमोजे आणि लांब चिमटा लागतोच. सुळे दोन सेंटिमीटरहून लांब असतात. चावा माणसाच्या जिवावर बेतणारा नसला तरी फार दुखतो. तिला हातावर घेऊ नये, याचं माझ्या दृष्टीने मोठं कारण मात्र तिचं पडणं आहे. नजर अधू, जग कळतं ते कंपनांतून. माणसाचा तळहात तिच्यासाठी हलणारी, धोक्याची जमीन आहे.

आजार ओळखायचे थोडेच. पायातून रक्त येत असेल तर जखमेवर कॉर्नफ्लॉवर दाबा, थांबतं. तुटलेला पाय पुढच्या कातींमध्ये पुन्हा वाढतो. तोंडाभोवती पांढरट चिकट थर दिसला आणि खाणं सुटलं, तर ती सूत्रकृमींची, म्हणजे दोऱ्यासारख्या बारीक जंतांची, लागण असू शकते. त्यावर खात्रीचा उपाय नाही. त्या कोळ्याला लगेच वेगळं ठेवा आणि त्याची भांडी, चिमटे दुसऱ्या पेटीत नेऊ नका.

आणि घेण्याआधी मोजा. मादी पंधरा-वीस वर्षं जगते. नर प्रौढ झाला की त्याचं आयुष्य महिन्यांत उरतं. तुम्ही राहता तिथला कायदा काय म्हणतो ते बघा, आणि जंगलातून पकडलेला कोळी घेऊ नका. काही टॅरांटुला आंतरराष्ट्रीय करारांनी संरक्षित आहेत, आणि पकडून विकल्यामुळे त्यांची जंगलं रिकामी होत आहेत.

(पुन्हा पहिली पेटी.)

आता तिच्याकडे बघा. उताणं होण्याआधी तिने रेशमाची चटई विणली. पोटातलं रक्त पुढे ढकललं, आणि त्याच दाबाने पाठीवरचं कवच कडेने उकललं. आता एकेक पाय जुन्या सालीतून निघतोय, ओला हातमोजा काढावा तसा. पायांबरोबर फुप्फुसांचं अस्तर निघतं, पोटाच्या आतलंही. अंगात पाणी कमी असतं, तर यातला एखादा पाय इथेच अडकला असता.

यात काही तास जातात. जिवंत रातकिडा पेटीत राहिला असेल, तर तो या मऊ अंगाला कुरतडू शकतो. म्हणून ती खाणं सोडते तेव्हाच सगळं भक्ष्य बाहेर काढायचं.

(पहाट. मादी उलटून बसलेली. शेजारी रिकामी कात.)

पाय अजून लडबडतायत. ती वाटीपर्यंत आली, तोंड पाण्याला टेकवलं. सुळे दुधाच्या दातांसारखे पांढरे आहेत. ते आधी लाल होतील, मग काळे. तोवर दोन आठवडे तरी तिला खायला द्यायचं नाही. वाटी भरलेली आहे. झाकण आजही बंद राहील.