येताना काय आणलं?

(दृश्य : देवघराचा कोनाडा. हात आत जातो आणि एक लहान गडू बाहेर काढतो.)

मुठीत मावेल एवढा तांब्याचा गडू. तोंडावर तांब्याचीच चकती, आणि कडेने डाक, म्हणजे वितळवलेल्या धातूचा सांधा, लावून ती कायमची बंद केलेली. कानाशी धरून हलवला की आत पाणी डुचमळतं. काशीहून आणलेली ही गंगा. मराठवाड्यातल्या जुन्या घरांत असे गडू अजून सापडतात. घरात कुणाच्या शेवटच्या घटका भरत आल्या, तर यातले दोन थेंब तोंडात घालायचे. नाहीतर मावंद्याला गडू फोडायचा.

मावंदं म्हणजे काशीयात्रा करून आल्यावर भाऊबंदांना आणि गावाला घातलेलं जेवण. आधी गडूची पूजा, मग पंगत. ते होईपर्यंत यात्रा पुरी झाली असं कुणी म्हणत नसे. जाणारा एकटा गेला, तरी आणलेलं सगळ्यांत वाटायचं होतं.

आता पाणी प्लास्टिकच्या कॅनमधून येतं. झाकण सैल बसलं की ते रेल्वेतच पिशवीतल्या कपड्यांवर सांडतं. डाकेच्या गडूचंही एक दुखणं असतं. डाक पातळ लागली, की काही वर्षांनी कडेला हिरवी कळंक चढते, पाणी हळूहळू उडतं, आणि ऐन वेळी गडू रिकामा निघतो. म्हणून घरातली म्हातारी माणसं दर दिवाळीला देवघर आवरताना तो हलवून बघत.

(दृश्य : पैठण, गोदावरीचा घाट.)

माणूस घर का सोडतो याची उत्तरं पुष्कळ आहेत. देवासाठी, पोटासाठी, बघण्यासाठी, आणि घरात जीव रमत नाही म्हणूनही. पण परत आलेल्याला आपल्याकडे एकच गोष्ट विचारतात : येताना काय आणलं?

पैठणच्या नाथांची कथा इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला न्यायची आणि तिथली वाळू उलट गंगेत नेऊन सोडायची, ही जुनी रीत. एकनाथांनी कावड अर्ध्या देशातून खांद्यावर आणली आणि वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. बरोबरचे लोक हळहळले. नाथांचं म्हणणं, रामेश्वर इथेच पावला. कीर्तनात ही कथा भूतदयेची म्हणून सांगतात. आम्हाला ती प्रवासाचीही वाटते.

याच पैठणचा रस्ता नाथांच्याही दीड हजार वर्षं आधी चालता होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची नोंदवही लिहून ठेवली आहे, पेरिप्लस नावाची. तिच्यात गुजरातेतलं भडोच ते पैठण २० दिवसांची वाट आणि तिथून पूर्वेला १० दिवसांवर तगर, असं लिहिलंय. तगर म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं गाव. पैठणहून अकीक दगड जायचे, तेरहून जाडंभरडं कापड आणि मलमल. सगळा माल गाड्यांवर, वाट नसलेल्या मुलखातून. उलट भडोच बंदरात उतरायची इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळी.

(दृश्य : तेर. रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातली काचेची कपाटं.)

तेरला गेलात तर इथली हस्तिदंती बाहुली बघितल्याशिवाय निघू नका. ती लहान आहे. घाईत माणूस मातीची भांडी बघत पुढे निघून जातो, म्हणून तिथल्या माणसाला विचारूनच घ्या. अशाच घडणीची हस्तिदंती बाई इटलीतल्या पॉम्पेई शहरात, ज्वालामुखीच्या राखेखाली मिळाली. पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन ७९ मध्ये. म्हणजे तिकडची बाई त्याआधीच समुद्र ओलांडून गेली होती.

आता बघण्यासाठी केलेल्या प्रवासाबद्दल. इथे जरा सविस्तर बोलावं लागेल, कारण सगळ्यात जास्त माणसं रिकाम्या हाताने परततात ती याच प्रवासातून.

(दृश्य : छत्रपती संभाजीनगर, मध्यवर्ती बसस्थानक, पहाटे.)

चूक ठरलेली असते : अजिंठा आणि वेरूळ एका दिवसात. अजिंठा शहरापासून सुमारे १०० किलोमीटर ईशान्येला, वेरूळ ३० किलोमीटर वायव्येला. दोन्हीकडे जाऊन परतायचं म्हटलं तर दिवस गाडीतच जातो, आणि लेण्यांत मिळतो जेमतेम तास-दीड तास. दुसरी चूक वाराची. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. जोडून सुट्टी आली की सोमवारी अजिंठ्याच्या फाटकावर माणसं हिरमुसून उभी दिसतात. असं करावं : सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा.

अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यापर्यंतच जाते. पुढचे सुमारे ४ किलोमीटर तिथल्या बसने. चित्रं असलेल्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात, म्हणून सुटायला सोप्या चपला घाला. उन्हाळ्यात पाय भाजतात, तेव्हा पिशवीत मोजे ठेवा.

आणि आत गेल्यावर लगेच काही बघू नका. हे ऐकायला विचित्र वाटेल. बाहेरचं ऊन डोळ्यांत भरलेलं असतं, त्यामुळे पहिली दोन-तीन मिनिटं भिंत नुसती काळी दिसते. लोक तेवढ्यातच मोबाईलचा दिवा पेटवतात, पहारेकरी ओरडतो, आणि ‘काही दिसत नाही’ म्हणत बाहेर पडतात. खांबाला पाठ न टेकता आठ-दहा मिनिटं शांत उभं राहावं. आधी पांढरा उमटतो, मग हळूहळू बाकीचे रंग.

(दृश्य : लेणी क्रमांक १. काळोखातून हळूहळू उजळणारा पद्मपाणी.)

समोर गाभारा. त्याच्या डाव्या हाताला निळं कमळ धरलेला बोधिसत्त्व पद्मपाणी. खडकावर आधी मातीचा गिलावा, त्यात भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे कालवलेले. त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात घोटलेले रंग. ओल्या चुन्यावर काढलेलं चित्र भिंतीत मुरतं. हे मुरलेलं नाही, वर बसलेलं आहे. म्हणूनच बोट लागलं की पापुद्रा सुटतो, आणि माणसांच्या श्वासाचा दमटपणाही त्याला सोसत नाही.

गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना हे सगळं इथल्याच डोंगरात आणि चुलीत मिळणारं. निळा मात्र इथला नाही. तो लाजवर्द दगडाचा, आणि ती खाण अफगाणिस्तानातल्या बदख्शानात. वाघोरा नदीच्या वळणावर एका भिंतीवरच्या बोटभर निळ्यासाठी कुणीतरी हिंदुकुश ओलांडला. मान वर करून याच लेण्याचं छत पाहा. टोकदार टोपी घातलेले, दाढीवाले, पायांत मोजे असलेले परदेशी पुरुष हातात पेले घेऊन बसलेत. चितारणाऱ्याने ते मोजे नीट पाहून ठेवले असणार. मराठवाड्याच्या उकाड्यात ते विसरण्यासारखे नव्हतेच.

वेरूळला उलटं आहे. तिथे डोळ्यांना काळोखाची नाही, उन्हाची वेळ धरावी लागते. लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी कैलासाचा दर्शनी भाग सावलीत असतो, आणि सहली नेमक्या तेव्हाच येतात. दुपारी तीननंतर ऊन आत शिरू लागतं, आणि काळ्या दगडाला उठाव येतो. ३४ लेणी आहेत : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. दिवसभर असाल तर सकाळी जैन लेण्यांपासून सुरुवात करा. तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. मग १० नंबर, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात, कारण दगडातच लाकडी वाशांसारखी कमानदार तुळवटं कोरली आहेत. कैलास, म्हणजे १६ नंबर, शेवटी.

(दृश्य : कैलास, वरच्या कड्यावरून.)

आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात मुख्यतः हे काम झालं. आधी डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खणून मधला दगड सुटा केला. मग कळसापासून सुरुवात करून खाली पायापर्यंत येत गेले. परांची बांधावी लागली नाही, पण चुकायलाही जागा नव्हती : एकदा छिन्नीने उडवलेला दगड परत बसवता येत नाही. मागचा कडा साधारण १०० फूट उंच आहे. त्यावर छिन्नीच्या तिरप्या रेघा अजून मोजता येतात. बाजूने वर जाणारी पायवाट खुली असेल तर आधी वरून पाहावं, नंतर खाली उतरावं. ज्या क्रमाने त्यांनी खोदलं, त्याच क्रमाने आपल्यालाही ते कळतं.

जवळच घृष्णेश्वर. दर्शनाच्या रांगेत तासन् तास उभी राहिलेली कितीतरी माणसं किलोमीटरभरावरची लेणी न बघता गाडीत बसतात. त्यांच्या श्रद्धेला नावं ठेवायचं कारण नाही. पण शंकराचं एवढं मोठं घर शेजारी असताना हे बरं दिसत नाही.

(दृश्य : नांदेड रेल्वे स्थानक. सचखंड एक्स्प्रेस.)

काही प्रवास दोन्ही टोकांनी फळतात. हिंगोली जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. तिथून ते पंढरपूर, आणि पुढे पार पंजाबातल्या घुमानपर्यंत पोहोचले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. आणि १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग उत्तरेतून नांदेडला आले, गोदावरीकाठीच त्यांनी देह ठेवला, आणि ग्रंथालाच गुरू मानायला सांगून गेले. नर्सी ते नांदेड अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर.

आज नांदेड ते अमृतसर ही गाडी सुमारे दीड दिवस घेते. वाटेत काही स्थानकांवर सेवेकरी डब्यापाशी येऊन लंगर वाढतात, गाडी थांबते तेवढ्या मिनिटांत. जाणत्या प्रवाशाच्या पिशवीत म्हणून ताट-वाटी असतेच. पत्रावळीची वाट बघणाऱ्याच्या हातात कढी पडेपर्यंत गाडी हलते.

राज्याच्या एसटीनेही प्रवाशांचा चेहरा बदलला. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत, आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट. सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, आणि म्हाताऱ्यांनी आधार कार्ड जवळ ठेवायचं. तुळजापूर, औंढा, परळीच्या गाड्यांत आता सासू, सून आणि शेजारीण अशा तिघी मिळून निघालेल्या दिसतात, बरोबर कुणी पुरुष नसतो. येताना परडी, हळदकुंकू, पेढ्यांचा पुडा. आणि वाटभर झालेल्या गप्पा, ज्या घरी झाल्या नसत्या.

(दृश्य : बीड जिल्हा. दसऱ्यानंतरची सकाळ. ट्रॅक्टर-ट्रॉलीवर चढवलेली भांडी, शेळी, लाकडं.)

आणि हा एक प्रवास, ज्याला कुणी प्रवास म्हणत नाही. ऊसतोडीला निघालेली टोळी. एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. मुकादमाकडून उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते, दिवाळीच्या आगेमागे गाव सुटतं आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, मुक्काम कोपीत, पाचटाच्या झोपडीत. पहाटे काळोखात फडात, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. वाढं, म्हणजे उसाचे शेंडे, विकून रोजचा किराणा. मागे राहिलेल्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह, नाहीतर आजी.

ही माणसं परत येतात तेव्हा ‘काय आणलं’ असं कुणी विचारत नाही. विचारतात, “उचल फिटली का?”

(दृश्य : आषाढ. तेच गाव, तीच वाट. दिंडीची पताका.)

दोन महिन्यांनी यांतलेच कितीतरी पाय वारीला लागतात. पैठणहून नाथांची पालखी निघते, पंढरपूर गाठायला अठरा-एकोणीस दिवस. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी, आधी भरलेली, सामान ट्रकमध्ये. नव्या चपला घालून निघालेला दुसऱ्याच दिवशी लंगडतो. पायांत दोन महिने मुरलेल्याच घालाव्या. पावसाने भिजलेले मोजे तसेच ठेवले तर कातडी पांढरी पडून फोड येतात. फोड फोडू नये, कोरडं फडकं बांधावं. रात्री मुक्कामाला पोहोचल्यावर आधी पाय धुऊन पुसावे, जेवण नंतर.

पौर्णिमेचा काला झाला की माणसं परततात. वेशीपाशी उतरलेल्या म्हाताऱ्याच्या पाया पडायला शेजारची लहानमोठी सगळी येतात. तो पिशवी उघडतो. चुरमुरे, बत्तासे, कागदाच्या पुडीत बुक्का. चिमटीत धरून तो एकेकाच्या कपाळाला लावत जातो. पुडी संपत आली की बोट ओलं करून कागद पुसून घेतो, आणि शेवटचं पोर पुढे सरकतं.