एकाच प्रयोगाचे प्रेक्षक

(दृश्य: नांदेड. कुसुम सभागृहाचं आवार. नोव्हेंबरची संध्याकाळ, तिकीटबारीपाशी माणसं.)

सात वाजत आलेत. पहिली घंटा झाली तसे बाहेरचे चहाचे कप भराभर रिकामे होऊ लागले. आज राज्य हौशी नाट्य स्पर्धेतला प्रयोग आहे. या स्पर्धेने साठ आवृत्त्या केव्हाच ओलांडल्या, तरी दिवाळी सरली की मराठवाड्यातली नाटकवेडी माणसं अजूनही वेळापत्रक विचारत फिरतात. पोस्टरवर मोठं नाव नसतं. नायक दिवसा बँकेत कॅश मोजतो, नायिका जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग घेते, खलनायकाचं मेडिकल आहे. तिकिटाच्या पैशांवर इथं कुणाचंच घर चालत नाही.

या फिल्ममध्ये आपण रंगमंचाकडे पाठ करून बसणार आहोत. बघायचंय ते खुर्च्यांकडे.

(दृश्य: प्रेक्षागृह. पडदा उघडतो, उजेड चेहऱ्यांवर येतो.)

मुंबईहून आलेलं नाटक बघताना जे मिळत नाही, ते हौशी नाटकाच्या प्रेक्षकाला मिळतं. तो नटाला ओळखतो. नुसतं नटालाच नाही, नेपथ्यालाही. तिसऱ्या रांगेतल्या काकू शेजारणीच्या कानाला लागतात, "तो सोफा आमचा हाय. परवा टेम्पोत घालून नेला. आलेले पाहुणे सतरंजीवर बसूलालेत." भिंतीवरचं घड्याळ कुणाच्या तरी हॉलमधलं, कपबश्या कुणाच्या तरी रुखवतातल्या. मग त्याच सोफ्यावर बसून मेडिकलवाला पोरगा म्हाताऱ्या बापाला जमीन विकायला लावतो, आणि काकूंना सोफा दिसेनासा होतो. पदर तोंडाशी धरून त्या पुढे वाकतात. सकाळी ज्याच्याकडून बीपीच्या गोळ्या घेतल्या, त्याचाच आता राग येतो. ही माणसं थंडीत कानटोप्या घालून येतात ती यासाठी.

थंडीचा एक उपकारही आहे. पंखे बंद असतात. उन्हाळ्यात पंख्यांच्या घरघरीत निम्मे संवाद मागच्या रांगांपर्यंत पोचतच नाहीत. आज शेवटच्या खुर्चीलाही नुसता सुस्कारा ऐकू येतो. मधल्या रांगेत परीक्षकांच्या टेबलावर छोटा दिवा जळतोय. प्रेक्षकांचा एक डोळा तिकडेही असतो. परीक्षक हसले का? काही लिहून घेतलं का? गावची इभ्रत आहे शेवटी.

(दृश्य: जुने फोटो, कात्रणं.)

हा प्रेक्षक एका दिवसात तयार झालेला नाही. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करायचे तेव्हा रंगमंचावर ते एकटेच असायचे आणि तब्बल ५२ पात्रं उभी करायचे. आपली खेड्यातली बोली, आपले रुसवेफुगवे, आपल्या लग्नातला गोंधळ इतक्या मानाने मंचावर बघायला मिळतो, हे मराठवाड्याला त्यांनी दाखवलं. 'जिगीषा' ही नाट्यसंस्थाही औरंगाबादचीच. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, नाटककार प्रशांत दळवी यांची सुरुवातीची कामं तिथल्या प्रेक्षकांनी आधी बघितली, मुंबईने नंतर. आणि नांदेडने तर दत्ता भगतांसारखा नाटककार दिला. 'वाटा पळवाटा'मध्ये आंबेडकरी चळवळीच्या घरातले पिढ्यांचे मतभेद त्यांनी मांडले. ते नाटक बघून उठलेला माणूस रात्री जेवताना वाद घालत बसत असेल, यात शंका नाही.

(दृश्य: मध्यांतर. प्रसाधनगृहाबाहेर बायकांची रांग.)

पंधरा मिनिटांचं मध्यांतर. मराठवाड्यातल्या किती नाट्यगृहांमध्ये बायकांना निर्धास्तपणे जाता येईल असं प्रसाधनगृह आहे? म्हातारी माणसं पायऱ्या चढताना कुणाचा आधार घेतात? संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षं बंदच होतं. तेवढ्या काळात ज्या पोराने पहिलं नाटक बघायचं, तो बघायचाच राहून गेला. प्रेक्षक कमी झाला अशी तक्रार करण्याआधी या गोष्टी नीट करायला हव्यात. प्रेक्षक रागावून जात नाही. तो एकदा गैरसोय सोसतो, दुसऱ्यांदा सोसतो आणि तिसऱ्यांदा घरी टीव्ही लावतो.

(दृश्य: दुसरा अंक रंगात. मागच्या रांगेतून दोघं खाली वाकून बाहेर पडतात.)

हे दोघे लोह्याहून आलेत. शेवटची एसटी गाठायची, म्हणून शेवटचा प्रवेश सोडून निघालेत. उद्या ते नायकालाच फोन करून विचारतील, "सर, बापानं सही केली का वो?" आणि नायक कॅश काउंटरवर बसून त्यांना शेवट सांगेल.

त्यांनी विचारलं नाही तर दुसरा मार्गच नाही. कारण महिना-दोन महिने रात्री जागून बसवलेल्या या नाटकाचा बहुतेक वेळा एकच प्रयोग होतो. नंबर आला तर अंतिम फेरी, तीही दुसऱ्या शहरात. नाही आला तर सोफा परत घरी, कपडे परत कपाटात. ज्यांनी आज बघितलं त्यांनीच बघितलं. मला या सगळ्यात हेच सर्वांत जास्त लागतं. नाटक तयार आहे, बघणारे तयार आहेत, आणि दुसरा प्रयोग नाही.

(दृश्य: प्रयोग संपलाय. आवारात घोळके.)

बाहेर आता खरी परीक्षा चाललीय. "पहिला अंक झकास बांधला, दुसरा लई लांबला बगा." "पोरीचं काम भारी, पण आवाज कमी." दिग्दर्शक हात बांधून सगळं ऐकतोय. एक निवृत्त गुरुजी त्याला बाजूला घेतात. कंधारला शाळेचं मोठं पटांगण आहे, म्हणतात. मांडवाचं आम्ही बघतो, लाईटवाल्याशी तुम्ही बोला, टेम्पोचं भाडं गावातून गोळा करू. दिग्दर्शक विचारतो, तारीख कोणती धरायची? गुरुजी खिशातून छोटी डायरी काढतात. शनिवार बघा, म्हणतात, म्हणजे लेकरांना दुसऱ्या दिवशी शाळा नाही.