साल पातळ, रात्र गार

नमस्कार मंडळी. थंडी कडाक्याची पडलीय, म्हणून विषयही थंडीचाच घेतलाय: पिनो न्वार. लाल वाईनचं द्राक्ष, माहेर फ्रान्समधलं बर्गंडी. साल पातळ, घड गच्च. पुन्हा सांगतो, साल पातळ, घड गच्च. पाणी आत अडकलं की कूज धरलीच. उन्हाचा तडाखा बसला की आंबटपणा उडतो, नुसती साखर उरते. म्हणून त्याला गार मुलूख लागतो: बर्गंडी, अमेरिकेतलं ओरेगन, न्यूझीलंडचं सेंट्रल ओटॅगो. आपल्याकडं शिराझ जमतं, कॅबरने जमतं. हे लाडावलेलं पोर सांभाळणं अवघड.

  

आमची द्राक्षबाग निफाडकडं. काही वर्षांपूर्वी जानेवारीत ओटॅगोचा एक तरुण आमच्याकडं मुक्कामाला होता. दिंडोरीकडच्या एका वायनरीत हंगामापुरता आलेला. ही मंडळी अशीच फिरतात. त्यांच्याकडं तोडणी मार्च-एप्रिलात, बर्गंडीत सप्टेंबरात, आपल्याकडं जानेवारीपासून. रात्री पिठलं-भाकरी खाऊन गडी झोपला. दोनच्या सुमारास पुतण्याचा फोन: "तात्या, पारा पाचाच्या खाली चाललाय." द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरलेलं, म्हणजे ते पिकायला लागलेले, आता तडे गेले तर वर्षाची कमाई मातीत. आम्ही गोवऱ्या, छाटणीच्या वाळक्या काड्या घेऊन पळालो. बघतो तर पाहुणा अनवाणीच मागं! आई ओट्यावरून ओरडतेय, "अरे, पाव्हण्याला तरी झोपू द्या!"

तो म्हणाला, हे काम मला नवं नाही. बर्गंडीत एप्रिलमध्ये कोंब फुटले की दव गोठतं, तेव्हा ओळीओळीतून मेणाचे डबे पेटवतात, मीही पेटवलेत. आणि आमच्या ओटॅगोत वरची ऊबदार हवा खाली ढकलायला हेलिकॉप्टर फिरवतात. माझ्या मुलानं हे आजीला मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "हेलिकॉप्टर? त्यापेक्षा गोवऱ्या स्वस्त."

मुलगा एकाच ठिकाणी मोठा ढीग रचत होता. पाहुण्यानं त्याचा हात धरला. मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते, छोटे ढीग जास्त ठिकाणी लावा. छोटे ढीग, जास्त ठिकाणी. आम्ही त्याला आपली युक्ती दाखवली: पहाटे ठिबक चालू करायचं, विहिरीचं पाणी कोमट असतं, जमीन गार पडत नाही. शेकोटीच्या उजेडात बसून त्यानं ते वहीत लिहून घेतलं. बांधाकडच्या दोन ओळी गेल्या, बाकी बाग वाचली.

आता मोठ्यांची गोष्ट, थोडक्यात. १९८० मध्ये बर्गंडीतले वाईनवाले रॉबेर द्रुआँ यांनी बोन गावी वाईनची चाखणी ठेवली. तिथं ओरेगनच्या डेव्हिड लेट यांची १९७५ची पिनो न्वार दुसरी आली, तीही द्रुआँच्याच जुन्या वाईनच्या पाठोपाठ. दुसरा कुणी असता तर तोंड फिरवून बसला असता. द्रुआँची लेक व्हेरोनिक १९८६ मध्ये ओरेगनात तोडणीच्या हंगामात काम शिकायला गेली. १९८७ मध्ये द्रुआँनी तिथंच जमीन घेतली, १९८८ला तिनं पहिली वाईन केली. ओटॅगो आणि बर्गंडीचीही शिकाऊ मुलं एकमेकांकडं जातात-येतात. आपल्याकडं फवारणीचं औषध कोणतं वापरलं, हे बांधापलीकडचा विचारतो तेव्हा आपण बाटलीचं लेबल फाडून ठेवतो. मीही ठेवलंय, खोटं कशाला बोलू?

वेळ संपली, स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवतायत. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकरांनो, आज रात्री पारा बघूनच झोपा. आणि ढीग छोटे ठेवा.