पावलापुरता उजेड

श्रोतेहो, नमस्कार. ज्यांची शेती आहे, त्यांना रात्रीची वीज काय असते ते सांगायला नको. मध्यरात्री मोटार चालू करायला विहिरीकडे निघायचं, हातात बॅटरी. तिच्या उजेडात विहीर दिसत नाही, चार पावलं दिसतात. ती चाललो की पुढची चार. अशा वेळी बांधावरून जाताना मला बायबलमधलं ११९वं स्तोत्र आठवतं. तब्बल १७६ वचनांचं, स्तोत्रसंहितेतलं, म्हणजे बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातलं, सर्वांत मोठं. कवी देवाला म्हणतो, तुझं वचन माझ्या पावलांसाठी दिवा आहे. तो दिवा त्या काळातला, मातीचा, तेलाचा, तळहातावर मावणारा.

हे कळायला मला उशीर लागला. तरुणपणी काही अडलं की मी डोळे मिटून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, कुठेही उघडायचो, बोट ठेवायचो आणि निघेल ते वचन देवाचं उत्तर समजायचो. वडिलांनी एकदा पाहिलं. म्हणाले, "बापाचं पत्र आलं तर मधलीच ओळ वाचशील का? पहिल्यापासून वाच." त्यांचा स्वतःचा नेम होता, पहाटे चहाच्या आधी एक अध्याय, काल थांबलो तिथून पुढे.

तसंच वाचत असताना एका रविवारी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, ५वा अध्याय आला. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. आमचं बांधावरून वाजलं होतं, दोन वर्षं बोलणं नव्हतं. त्या सकाळी नाशिकच्या शरणपूर चर्चमधल्या उपासनेला निघालेला मी आधी भावाच्या दारात गेलो. बांध कुठून जावा हे वचनात नव्हतं, आज कुणाकडे जायचं तेवढं होतं. वहिनीने पाणी दिलं. भाऊ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बस." बांधाचा प्रश्न मिटायला पुढे वर्ष गेलं.

शरणपूरचं नाव निघालं म्हणून सांगतो. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकी मुलं इथल्या मिशनच्या शाळेत शिकली. त्यांतला एक जेकब वेनराइट. १८७३ साली मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारले. सोबत्यांनी त्यांचं हृदय झाडाखाली पुरलं, तेव्हा दफनाची प्रार्थना वाचली ती या जेकबने. नाशिकच्या शाळेत शिकलेलं वाचन तिकडे, इतक्या दूर उपयोगी पडलं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत आपण मराठीत "रोजची भाकर" मागतो. आठवड्याची एकदम मागत नाही. ज्यांना वाचायला सुरुवात करायची आहे त्यांनी मार्ककृत शुभवर्तमान घ्यावं. चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, १६ अध्यायांचं. उद्या पहाटे पहिला अध्याय वाचा. घरात कुणी जागं असेल तर मोठ्याने वाचा.